कासवाखाली काय अंथरायचं?

आमच्याकडे कासव आहे म्हटलं की पुण्याहून पहिला प्रश्न येतो, "टाकी केवढी घेतलीत?" टाकी नाही. हे जमिनीवरचं कासव, हर्मन जातीचं, मूळचं भूमध्य समुद्राकाठच्या इटली-ग्रीसकडचं. पाण्यात सोडलं तर बुडेल. ते राहतं वरून उघड्या, लांबट लाकडी पेटीत. इथे इंग्लंडमध्ये तिला टॉर्टॉइज टेबल म्हणतात. दुसरा प्रश्न कायद्याचा. भारतात स्टार कासव घरी ठेवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे लोक दचकतात ते बरोबरच. इथे हर्मन पाळता येतं, पण विकणाऱ्याकडे त्याचं आर्टिकल १० चं प्रमाणपत्र (संरक्षित प्राणी विकायचा कायदेशीर परवाना) असावं लागतं, ते बघूनच घ्यायचं.

खरी डोकेदुखी वेगळीच. इथल्या भाड्याच्या घरात भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, तेही फिकट रंगाचं, आणि घर सोडताना डाग दिसला की डिपॉझिटला कात्री. त्यामुळे कासव काय खातं यापेक्षा त्याच्याखाली काय अंथरायचं यावर आमच्या घरात जास्त चर्चा झाली.

नवऱ्याचं मत वर्तमानपत्राला. फुकट, गुंडाळलं की कचऱ्यात. आजारी किंवा नव्याने आणलेल्या कासवासाठी ते ठीक, कारण शी-शू लगेच नजरेस पडते. पण कायमचं नको. कागदावर पाय घसरतात, आणि या प्राण्याचा अर्धा दिवस उकरण्यात जातो, ते तिथे जमतच नाही. दुकानात बीच नावाच्या झाडाच्या लाकडाचे तुकडे दिसायला फार सुबक, पण शू झिरपून तळाशी साचते आणि एखादा तुकडा गिळला तर आतडं तुंबू शकतं. दाबलेल्या गवताच्या गोळ्या पाण्याचं भांडं लवंडलं की फुगतात, मग बुरशी. देवदार किंवा पाइनचा भुसा तर नकोच, त्याच्या उग्र वासाच्या तेलाचा श्वासाला त्रास होतो.

शेवटी माती. "कार्पेटच्या घरात माती?" असं सगळ्यांनी विचारलं, पण सगळ्यात कमी पसारा तिचाच होतो. खत न मिसळलेली साधी टॉपसॉइल, म्हणजे जमिनीच्या वरच्या थराची माती, आणि मुलांच्या खेळायची धुतलेली वाळू, साधारण निम्मी-निम्मी. कुंड्यांसाठीची तयार माती घ्यायची नाही. तिच्यात खत असतं आणि ते पांढरे पर्लाइटचे दाणे कासव आवडीने खातं. सगळी किमया ओलाव्यात आहे. मूठ दाबली की लाडू वळावा, बोट लावलं की फुटावा. कोरडी माती उडते, ओलसर माती जागेवर बसते. थर किमान १० सेंटीमीटरचा आणि पेटीची कड त्याच्यावर तेवढीच उंच, कारण स्वारी उकरताना माती फेकते ती थेट बाहेर.

पाणी वरून फवारायचं नाही. चारही कोपऱ्यांत हळूच ओतायचं. तळ ओला राहतो आणि वरचा थर कोरडा, म्हणजे पोटाखालचं कवच सतत भिजून कुजत नाही. कासवाला ऊब देणाऱ्या दिव्याखाली ३०-३५ अंश तापमान असतं, तिथे माती लवकर सुकते. म्हणून तिथे स्लेटची फरशी ठेवली. खाणंही त्याच फरशीवर वाढते. पानांना माती लागत नाही आणि नखं आपोआप झिजतात.

हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी पडते. कोरड्या हवेत वाढणाऱ्या पिल्लाच्या कवचावर उंचवटे येतात, ते पुन्हा सपाट होत नाहीत. तेव्हा मातीत थोडं कोकोपीट मिसळते, ओल धरून ठेवायला. नुसतं कोकोपीट मात्र सुकलं की डोळ्यांत जातं आणि पानांना चिकटतं. त्याची वीट व्हिडिओ कॉलवर दाखवली तर गुहागरला सासूबाई हसून हसून बेजार. "अगो, नारळाची सोडणं पौंड देऊन घेतेस? आमच्याकडे बंबात जाळतात!"

बाकी निम्मी घाण पेटीत होतच नाही. पिल्लाला रोज हनुवटीच्या खालपर्यंत कोमट पाण्यात बसवलं की ते तिथेच मोकळं होतं. सोबत पांढरी पेस्टसारखी शू दिसली तर घाबरायचं नाही, ती मऊ असेल तर ठीक. रवाळ झाली तर पाणी कमी पडतंय. पेटीत उरलेलं रोज जुन्या चमच्याने उचलायचं आणि नंतर हात साबणाने धुवायचे. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जंतूंची भीती खरी आहे, विशेषतः घरात लहान मूल असेल तर.

हीच माती थंडीत कासवाच्या शीतनिद्रेलाही कामी येते. व्हेटने तपासून परवानगी दिली की कासव मातीच्या डब्यात घालून वेगळ्या छोट्या फ्रिजमध्ये ५ अंशांच्या आसपास झोपवायचं, आणि हवेसाठी दार अधूनमधून उघडायचं. हे सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.