पहिला पाऊस आणि खोटं सीझियम

मागच्या जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला त्या संध्याकाळी मी कोथरूडला आमच्या पार्किंगमधून गाडी बाहेर काढून पावसात उभी केली आणि पेपर नॅपकिनने बॉनेट पुसत बसलो, वरून आई ओरडतेय, अरे पावसात कोण गाडी पुसतं का! ते नॅपकिन गोळा करून सेकंडहँड घेतलेल्या सोडियम आयोडाइड क्रिस्टलवर (गॅमा किरण पडले की हा चमकतो, त्यावरून किरणोत्सर्ग मोजतो मी) ठेवले, भोवती बाहेरचे किरण अडवायला शिशाच्या विटा, आलेख बघायला लॅपटॉप चालू. दहा मिनिटांत ६३५ केईव्हीच्या (किरणांच्या ऊर्जेचं एकक) आसपास आलेखावर मस्त पीक, म्हणजे शिखर, उभं राहिलं आणि माझी तंतरली, कारण अणुस्फोट नाहीतर अणुभट्टीच्या अपघातातून येणारं सीझियम-१३७ दिसतं ६६२ला. या क्रिस्टलचं पीक तिथे पंचेचाळीसेक केईव्ही रुंद असतं, म्हणजे एवढ्या फरकाचं काय घेऊन बसलात! (जर्मेनियम डिटेक्टर असता तर दीडेक केईव्हीत निकाल लागला असता, पण त्याला उणे १९६ अंशांचा लिक्विड नायट्रोजन कोण पाजणार, घरी दुधाची पिशवी आणायला कंटाळा.)

मग पोटॅशियम-४० या नैसर्गिक किरणोत्सर्गी पोटॅशियमकडे लक्ष गेलं. भिंतीतलं, माझ्या अंगातलं, ते कायम १४६१ला असतं, आज १५२३ला! कॅलिब्रेशन, म्हणजे ऊर्जेची पट्टी जुळवणं, मी मेच्या भर दुपारी केलेलं, पावसाने हवा दहा अंश उतरली आणि क्रिस्टलची चमक टिपणाऱ्या फोटोमल्टिप्लायर नळीचा गेन (सिग्नल किती पट वाढवते ते) वर सरकला. तेवढं मागे ओढलं तर आपलं पीक बरोब्बर ६०९, म्हणजे बिस्मथ-२१४, हवेतल्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूची नातवंडं, पावसाबरोबर खाली आलेली. ३५२ला शिसं-२१४ पण होतंच, घाबरल्यावर बघतो कोण. तासाभरात पीक निम्म्यावर, तीन तासांत गुल. सीझियमला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात.

पण मग सीझियम अजिबात नव्हतं का? ते मी सांगू शकत नाही, आणि खरी मेख इथेच आहे. बॅकग्राउंडचेच (आसपासच्या नेहमीच्या किरणोत्सर्गाचे) त्या जागी १०,००० काउंट असतील तर ते आपोआप शंभरेक इकडेतिकडे होतात, त्यात ८० जास्त आले तर नाचण्यात अर्थ नाही. जास्त वेळ मोजा, शिसं वाढवा, नमुना मोठा घ्या, एवढंच हातात.

आता मोजायच्या आधी दरवेळी लो सोडियम मिठाचं पाकीट क्रिस्टलजवळ ठेवतो, त्यातल्या पोटॅशियममुळे १४६१ पटकन सापडतं. आई ते पाकीट स्वयंपाकघरात शोधत असते.