तेरडा अधीर, पारिजातक उदास

हरितालिकेच्या आदल्या दुपारी पत्री आणायला गेले आणि हातातल्या जुडीपेक्षा जास्त आघाडा सलवारीला चिकटवून आले. मग ओट्यावर बसून एकेक काढणं आलं. आघाड्याची ती बोंडं दांड्यावर खाली तोंड करून बसलेली असतात. वरून खाली बोट फिरवलं तर शहाण्यासारखी गप्प, खालून वर नेलं की टोचलीच. दोन-चार काढली आणि तोंडातून आपसूक त्याचं शास्त्रीय नाव निघालं, 'अकिरँथिस अ‍ॅस्पेरा'. ग्रीकमध्ये अकिरॉन म्हणजे भुसा आणि अँथॉस म्हणजे फूल. अ‍ॅस्पेरा हे लॅटिन, म्हणजे खरखरीत. खरखरीत भुसाफूल. ठेवणाऱ्याने नक्की स्वतःच्या कपड्यांवरून काढत काढत ठेवलं असणार हे नाव.

ही पुटपुटण्याची खोड आत्याची. ती कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची, आणि तिच्या घरी कुठल्याही गादीवर पडलं की खालून रद्दी कुरकुरायची. रद्दीच्या घड्यांत झाडं दाबून ठेवलेली असत. आम्ही मुलं सुट्टीत अंथरुणं टाकून त्यांना इस्त्री करायला मदतच करत होतो म्हणायची.

गौरींच्या आधी परसात तेरडा गुडघ्याच्या वर आलेला असे. फुलं तोडायला पाठवलं की आमचं लक्ष शेंगांवर. पिकलेली शेंग फुगीर, फिकी हिरवी, बारीक लव असलेली. चिमटीत नुसती धरली तरी फट्दिशी फुटायची, सालींची गुंडाळी होऊन बोटाला विळखा घालायची आणि बिया गालावर उडायच्या. एकदा फोडायला लागलं की थांबवत नसे. आत्या मागच्या दारातून ओरडायची, "अगं, इम्पेशन्स आहे तो! म्हणजे अधीर. तुमच्यासारखाच." त्यावर आतून आजी: "तेरड्याचा रंग तीन दिवस, आणि तुझं लॅटिनही पोरींच्या डोक्यात तेवढंच टिकायचं."

आजीला या नावांचं वावडं नव्हतं, पण संशय होता. दूर्वा निवडताना तिने एकदा विचारलं, "हिला काय म्हणतात गं तुमच्यात?" आत्या म्हणाली, सायनोडॉन डॅक्टिलॉन. डॅक्टिलॉन म्हणजे बोट. आजी खूश झाली. हातातल्या दूर्वेची तीन बोटं दिसतच होती. पहिल्या शब्दाचा अर्थ मात्र आत्याने सांगितला नाही. तो मला आजी गेल्यावर कळला. कुत्र्याचा दात! हरळी उपटताना जमिनीखालच्या कांड्यांवरची टोकदार खवली पाहिली तर पटतंही. पण गणपतीच्या मस्तकावर एकवीस जुड्या वाहायच्या घरात हे बोलायचं कोणी?

बेलाचं त्या मानाने बरं झालं. त्याला मिळालं एग्ले, सोन्याची सफरचंदं राखणाऱ्या ग्रीक अप्सरांपैकी एकीचं नाव. शंकराची हरकत नसावी.

ग्रीक-लॅटिनचा हा संसार बराचसा कार्ल लिनियस या स्वीडिश माणसाने मांडला. प्रत्येक झाडाला दोन शब्दांचं नाव, ही त्याची पद्धत 1753 सालच्या ग्रंथातून रूढ झाली. माणूस विद्वान तर होताच, पण खोडकरही होता. आपल्या शेतातला केना घ्या, ज्याच्या पानांची आपण भजी करतो. त्याला तीन पाकळ्या. दोन मोठ्या, निळ्याभोर, आणि तिसरी खाली लपलेली, किरकोळ. लिनियसने त्याला कॉमेलिना म्हटलं, कॉमेलिन घराण्यातल्या तीन वनस्पतिशास्त्रज्ञांवरून. यान आणि त्याचा पुतण्या कास्पर हे नावाजलेले, त्या दोन पाकळ्या. तिसरा शास्त्रात काही करून दाखवण्याआधीच वारला. हे मी म्हणत नाही, लिनियसने स्वतः लिहून ठेवलंय. मेलेल्या माणसाला इतक्या बारकाईने टोमणा मारायचा म्हणजे पुण्याबाहेरही कोणाला जमतं तर. तेव्हापासून केना निंदताना मी आधी ती तिसरी पाकळी शोधते.

माझी तक्रार आहे ती या नावांच्या बदलाबदलीची. आत्याच्या वहीत टाकळा 'कॅसिया टोरा' आहे. आता तो 'सेना टोरा'. कुळ गेलं, तोरा राहिला. बहावा मात्र कॅसियाच. कारवीचंही तेच, स्ट्रोबिलँथिस म्हणता म्हणता 'कार्विया' ऐकू येऊ लागलं. म्हणजे ग्रीक शंकू-फूल सोडून पुन्हा आपल्याच कारवीवर. मग आम्ही घोकलं ते काय? शास्त्रीय कारणं असतात, ठाऊक आहे. मी जुनीच म्हणणार.

पारिजातकाचं तेवढं बदललेलं नाही. निक्टँथिस आर्बोर-ट्रिस्टिस. रात्रीचं फूल, दुःखी झाड. यातला दुःखी झाड हा भाग लिनियसच्या उप्सालाचा नव्हेच, तो गोव्याहून गेलेला. गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य 1534 मध्ये गोव्यात आला आणि तिथलाच झाला. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने संवादरूपात लिहिलेलं पुस्तक 1563 मध्ये गोव्यातच छापलं गेलं. त्यात पारिजातक आहे, 'दुःखी झाड' म्हणून, आणि त्याची इथे ऐकलेली गोष्टही आहे. एका सरदाराची मुलगी सूर्यावर भाळली, सूर्याने तिला सोडलं, तिने जीव दिला. तिला जाळलं त्या राखेतून हे झाड उगवलं, म्हणून त्याची फुलं सूर्याचं तोंड बघत नाहीत. पुढे त्या पुस्तकाचं लॅटिन झालं आणि ते युरोपभर वाचलं गेलं.

ओर्ता मूळचा ज्यू घराण्यातला, वरवर ख्रिस्ती झालेल्यांपैकी. 1568 मध्ये तो गोव्यातच वारला. पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळलं. 1580 मध्ये त्याची हाडं थडग्यातून उकरून काढली आणि तीही जाळली.