उजव्या बाजूचा सांधा

जुनी गाडी कुणी विकत घेण्याआधी ती तपासून देणं हे माझं काम. डेट्रॉइटच्या आसपास शनिवार उजाडला की मी कुणाच्या तरी गॅरेजमध्ये गाडीखाली पाठीवर पडलेला असतो. पैसे गाडी घेणारा देतो, मी गाडी बघतो आणि फोटोंसकट रिपोर्ट लिहितो. शेकडो गाड्या झाल्या, बहुतेक आता आठवतही नाहीत. ही मात्र मनातून जात नाही.

ऑक्टोबरचे दिवस होते. मिशिगनमध्ये थंडी पडली की रेस ट्रॅकचा हंगाम संपतो आणि घरी बांधलेल्या गाड्या विकायला निघतात. मला बोलावलं होतं पंचविशीतल्या एका मुलीनं. उन्हाळाभर ती आपली रोजची गाडी घेऊन साउथ हेवनच्या जिंजरमन ट्रॅकवर जात होती. आता तिला फक्त ट्रॅकसाठी गाडी हवी होती, आणि तिला मिळाली होती १९८९ची फोर्ड मस्टँग. १९७९ ते १९९३ या काळातल्या मस्टँगना इथे ‘फॉक्स बॉडी’ म्हणतात. ही हॅचबॅक नव्हती, मागे वेगळी डिकी असलेली कूपे होती. वजनाला हलकी आणि बॉडी जास्त ताठ, म्हणून ट्रॅकवाले हीच शोधत असतात. अंगावर ५.० (लिटर) असं लिहिलेलं असतं, पण व्ही-८ इंजिन प्रत्यक्षात ४,९४२ सीसीचं. नवी असताना २२५ हॉर्सपॉवरची.

विकणारे गृहस्थ सत्तरीचे. सगळी नोकरी टूल अँड डायमध्ये, म्हणजे कारखान्यांसाठी साचे आणि हत्यारं बनवण्यात गेलेली. निवृत्तीच्या आधीपासून घरच्या गॅरेजमध्ये ही गाडी त्यांनी एकट्यानं उभी केली होती. आतलं सगळं काढून टाकलेलं, मागचे ड्रम ब्रेक जाऊन डिस्क आलेले, चार नटांच्या चाकांऐवजी पाच नटांची. गॅरेजमध्ये फळीवर प्रत्येक पाना आपापल्या जागी टांगलेला होता. मी आत शिरलो तेव्हा त्यांनी माझ्या हातात एक जाडजूड वही दिली. कधी काय केलं, कुठला बोल्ट किती आवळला, सगळं पेन्सिलीनं, बारीक अक्षरात. अशी वही मी दुसरी पाहिलेली नाही.

मी खालून सुरुवात केली. फॉक्स बॉडीचं दुखणं ठरलेलं असतं: टॉर्क बॉक्स. मागच्या ॲक्सलचे आर्म बॉडीला जिथे जोडलेले असतात तिथला पत्रा. इंजिनचा सगळा जोर तिथे येतो आणि पत्रा फाटतो. यांनी दोन्हीकडे जाड प्लेटा घालून वेल्ड केल्या होत्या, आणि रन, म्हणजे वेल्डची रेघ, असा एकसारखा की बघत राहावं. पुढच्या स्ट्रट टॉवरला, म्हणजे पुढचं सस्पेन्शन वर जिथे जोडलेलं असतं तिथे, चीर नाही. चॅसी नंबरात आठव्या जागी ई, म्हणजे गाडी मुळातच व्ही-८ होती, चार सिलिंडरच्या गाडीत मागून इंजिन घातलेलं नव्हतं. आत रोल केज होती, गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा सांगाडा. तिच्या पाइपला नियमाप्रमाणे तपासणीचं बारीक भोक पाडलेलं होतं. त्यात गेज घालून जाडी मोजली, तीन मिलिमीटरच्या किंचित वर भरली. बरोबर. सीट बेल्टची मुदत संपली होती, पण ते नवे घेता येतात.

माझ्या वडिलांचं कोल्हापुरात उद्यमनगरला वेल्डिंगचं दुकान होतं. उसाच्या ट्रॉल्या बांधायचे. रंग मारायच्या आधी आम्हा पोरांना ट्रॉलीच्या आतल्या बाजूनं, जिथे डोळा पोहोचत नाही तिथे, बोट फिरवायला लावायचे. रन तुटला की बोटाला खाच लागते. घरी बांधलेल्या केजमध्ये मी अजून तेच करतो. पाइप छताला इतके चिकटून असतात की सांध्याच्या वरच्या अंगाला टॉर्च पोहोचत नाही. खालून वेल्ड सुंदर दिसतो आणि वरून सांधा उघडाच राहिलेला असतो. हे टाळायचं तर अख्खी केज आधी खाली उतरवून वरचे सांधे मारायचे, मग ती वर उचलून तिचे पाय गाडीच्या फरशीला जोडायचे. त्यांनी तसंच केलं होतं. ड्रायव्हरच्या बाजूला माझं बोट पूर्ण गोल फिरलं. मग उजवीकडे गेलो, मुख्य कमानीला छताचा पाइप मिळतो तिथे. बोट अर्ध्यावर गेलं आणि खाचेत अडकलं. छोटा आरसा घालून पाहिलं. वरच्या अंगाला वेल्ड नव्हताच.

मुलगी बाहेर फोनवर बोलत होती. मी त्या गृहस्थांना म्हटलं, “जरा इथे बोट लावून बघता का?”

त्यांनी लावलं. मग काही न बोलता माझ्या हातातली वही घेतली आणि मागे मागे पानं उलटत गेले. नऊ वर्षांपूर्वीची एक ओळ सापडली. उजवा पाइप वाकवताना कोन दोन अंश चुकला होता, म्हणून तो कापून नवा बसवला होता. तोवर केजचे पाय फरशीला पक्के झालेले. खाली त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: ‘वरची बाजू राहिली. नंतर.’

ते टायरच्या चळतीवर बसले. “माझी मुलगी बसली होती या सीटवर,” ते म्हणाले. “दोनदा.”

मला त्यांचा राग आला नाही, येणं शक्यच नव्हतं. इतकं मन लावून केलेलं काम मी क्वचित पाहिलंय. पण रिपोर्ट मला त्या मुलीसाठी लिहायचा होता. ट्रॅकवर नवशिक्या ड्रायव्हरच्या शेजारी उजव्या सीटवर शिकवणारा माणूस बसतो. गाडी उलटली तर तो सांधा त्याच्याच डोक्यावर होता. हे लिहावं लागेल, असं मी त्यांना सांगायच्या आतच ते म्हणाले, “आरशातला फोटो घ्या. स्पष्ट येऊ द्या.”

मुलगी आत आली. त्यांनी स्वतः तिला सांगितलं, तिचं बोट धरून सांध्यावर लावलं. तिनं विचारलं, किंमत किती कमी कराल, मी दुसरीकडून करून घेईन. बारा हजार डॉलर ठरले होते. ते म्हणाले, “या अवस्थेत गाडी मी कुणालाच देणार नाही. एप्रिलमध्ये या. तोवर दुसरी आवडली तर खुशाल घ्या.” तिचा चेहरा पडला. मलाही वाटलं, संपलं आता. असे सौदे हिवाळ्यात विरून जातात.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला. या वेळी तपासणीचे पैसे ते देणार होते. गाडी तिथेच होती, पण छताला उजव्या बाजूला तळहाताएवढं ठिगळ होतं. वरून पत्र्याला खिडकी कापून त्यांनी सांधा पुरा केला होता आणि पत्रा परत जोडला होता. ठिगळावर करडा प्रायमर, रंग नाही. “रंग मारला असता तर तुम्हाला वेल्ड दिसला नसता,” ते म्हणाले. मी आत वाकलो आणि बोट फिरवलं. पूर्ण गोल. मग सवयीनं डावीकडे पुन्हा फिरवलं, मग इतर सगळे सांधे पुन्हा एकदा. ते शेजारी उभे होते, मी प्रत्येक सांध्याला मान हलवली की तेही हलवत होते.

मुलगी दुपारी ट्रेलर घेऊन आली. तिनं दुसरी गाडी घेतलीच नव्हती. किंमत बाराच हजार राहिली, दोघांपैकी कुणीही तो विषय काढला नाही. टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, सही झाली. वही तिला देण्याआधी त्यांनी ते नऊ वर्षांपूर्वीचं पान उघडलं, ‘नंतर’च्या पुढे त्या दिवसाची तारीख घातली आणि पेन्सिल कानावर ठेवली.

गाडी ट्रेलरवर चढली. तिनं चारही पट्टे आवळले. ते फिरून आले, एकेक पट्टा स्वतः ओढून पाहिला, डावीकडचा मागचा अजून एक दात आवळला, आणि मग बाजूला झाले.