मालिकेतला काळ आणि पुढच्या मालिकेचा शोध

माय शोवाल आणि पेर वालू या स्वीडिश जोडीने १९६५ ते १९७५ या काळात लिहिलेल्या पोलिस अधिकारी मार्टिन बेकच्या दहा कादंबऱ्या मी सलग वाचल्या आणि दहावी मिटल्यावर कितीतरी दिवस दुसऱ्या कशातच मन रमेना. मग स्वीडनमधल्याच, पोलिसतपासाच्याच आणि तितक्याच उदास वातावरणाच्या कादंबऱ्या मी मलपृष्ठे वाचून शोधून काढल्या, आणि त्यांतल्या बहुतेक अर्ध्यावर सोडल्या. देश तोच होता, गुन्ह्याचा प्रकार तोच होता, मग काय हरवले होते?

या प्रश्नाचे उत्तर मला उशिरा सापडले. बेकच्या मालिकेतला काळ खऱ्या काळाबरोबर चालतो. लेखकद्वयाने दहा पुस्तकांची मिळून एकच मोठी कादंबरी योजली होती आणि प्रत्येक पुस्तकाची तीस प्रकरणे ठरवली होती. बेकचा संसार मोडतो, सहकारी येतात आणि जातात, शहर बदलते, आणि पहिल्या पुस्तकातल्या माणसाला दहाव्यात भेटताना मधली वर्षे आपणही त्याच्यासोबत काढली आहेत असे वाटते. मला रहस्यापेक्षा या वर्षांची ओढ होती. त्यानंतर कोणतीही नवी मालिका हाती घेण्यापूर्वी मी एवढेच पाहू लागलो की तिच्यातला नायक म्हातारा होतो की नाही.

या कसोटीवर इयन रँकिन यांचा जॉन रीबस मला लगेच भावला. १९८७ साली आलेला हा एडिनबरोचा पोलिस अधिकारी वाचकांबरोबर वयाने वाढत जातो आणि २००७ सालच्या कादंबरीत साठाव्या वर्षी निवृत्तीला येऊन पोहोचतो. अशी मालिका पहिल्या पुस्तकापासूनच वाचावी, असे माझे ठाम मत आहे. मधूनच सुरुवात केली तर दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या मृत्यूचा उल्लेख केवळ माहिती म्हणून समोर येतो; त्या मृत्यूचे ओझे आपल्याला जाणवत नाही.

आगाथा ख्रिस्ती यांच्या गुप्तहेर प्वारोचे तसे नाही. १९२० साली प्रथम प्रकाशित झालेल्या कादंबरीतच तो निवृत्त पोलिस अधिकारी आहे, आणि १९७५ साली त्याची अखेरची कथा आली तोवर हिशेबाने त्याने शंभरी ओलांडलेली असायला हवी. तरीही त्या साऱ्या वर्षांत तो जवळजवळ जिथल्या तिथे आहे. इथे आनंद कोड्याच्या बांधणीचा असतो, म्हणून अशी मालिका कुठूनही सुरू करता येते. लेखिकेचा हात बसल्यानंतरची, मधली पुस्तके आधी घ्यावीत, शेवटचे तेवढे शेवटी ठेवावे.

सू ग्राफ्टन यांची वाट मला सर्वांत विलक्षण वाटते. इंग्रजी वर्णमालेच्या एकेका अक्षरावर एक पुस्तक, अशी त्यांची मालिका १९८२ साली सुरू झाली आणि पंचवीस पुस्तकांनंतर, शेवटचे अक्षर बाकी असताना, २०१७ साली त्यांच्या निधनाने थांबली. एवढ्या पस्तीस वर्षांत त्यांची खासगी गुप्तहेर किन्सी मिलहोन मात्र १९८०चे दशक सोडत नाही, त्यामुळे तिच्या तपासात मोबाईल नाही, इंटरनेट नाही. दारे ठोठावणे आणि जुन्या नोंदी चाळणे आहे. मालिका अपुरी आहे म्हणून तिला टाळणाऱ्यांना मी आवर्जून सांगेन की तिच्यातल्या प्रत्येक पुस्तकातला तपास स्वतंत्रपणे पुरा होतो.

साहसकथांकडे मी याच प्रश्नाचे बोट धरून आलो. पॅट्रिक ओब्रायन यांच्या वीस पूर्ण कादंबऱ्या नेपोलियनच्या काळातल्या ब्रिटिश आरमाराभोवती फिरतात. कप्तान जॅक ऑब्री आणि त्याचा जहाजावरचा वैद्य मित्र स्टीफन मॅच्युरिन यांच्यासाठी इतिहासातली युद्धवर्षे अपुरी पडू लागली, तेव्हा ओब्रायन यांनी एका प्रास्ताविकात वाचकांना विश्वासात घेऊन १८१२च्या आसपासचा काळ चक्क ताणला. लढाया थरारक आहेतच, पण दोन अगदी भिन्न स्वभावांच्या माणसांची मैत्री इतक्या सावकाश मुरू देण्यासाठी हा जादा काळ त्यांना हवा होता, असे मला वाटते.

मी सध्या ओब्रायन यांच्या या मालिकेतल्या दुसऱ्या कादंबरीत आहे. तह झाल्यामुळे ऑब्री जमिनीवर अडकून पडला आहे, सावकार त्याच्या मागे लागले आहेत, आणि त्याला पुन्हा जहाज कधी मिळते याची मी त्याच्याइतक्याच अधीरतेने वाट पाहत आहे.