ठिगळाखालचा जलाशय

न्यूयॉर्कच्या एका जुन्या ॲटलसचे सुटे पान माझ्याकडे आहे: मागे कापडी अस्तर, पुढे पाचव्या ॲव्हेन्यूवर डकवलेले कागदी ठिगळ, आणि साल अज्ञात. त्या ठिगळाखाली काय आहे, ते अखेर दिसले. मॅनहॅटनच्या या पानाने इतके दिवस जो छळ मांडला होता त्यातला मोठा भाग त्यामुळे संपला आहे, आणि ज्या पद्धतीने तो संपला ती इतर कापडी अस्तराच्या पानांनाही लागू पडेल असे वाटत असल्यामुळे ही नोंद नेहमीपेक्षा तपशिलात लिहीत आहे.

आधीच्या नोंदी वाचलेल्यांना पान परिचित आहे. पाचव्या ते आठव्या ॲव्हेन्यूपर्यंत आणि ४० व्या ते ४७ व्या रस्त्यापर्यंतचा भाग, एका इंचाला १०० फूट असे प्रमाण, काळी शिळाछाप आणि त्यावर हाताने दिलेले जलरंग: विटांच्या इमारतींना गुलाबी, लाकडी सांगाड्याच्या इमारतींना पिवळा. अक्षरांचे वळण आणि आकडे मांडण्याची रीत पाहता पान ब्रॉम्ली बंधू या ॲटलसकारांचे आहे याबद्दल मला शंका उरलेली नाही. प्रश्न आवृत्तीचा होता, कारण कोणीतरी चारही समास इतके निर्दयपणे कापले आहेत की शीर्षक गेले, साल गेले आणि पानाचा क्रमांकही अर्धा गेला. शीर्षकाची ओळ शिल्लक असती तर त्यात ‘बरो ऑफ मॅनहॅटन’ असे शब्द आहेत की नाहीत एवढ्यावरूनच, मॅनहॅटन ज्यात मोठ्या न्यूयॉर्क शहराचा एक बरो (उपविभाग) झाले त्या १८९८ च्या एकत्रीकरणाच्या अलीकडचे की पलीकडचे हे कळले असते. जुने ॲटलस फोडून सुटी पाने विकणाऱ्यांबद्दल माझे मत मी पूर्वी मांडले आहे. समास कापणाऱ्यांबद्दलचे मत छापण्यासारखे नाही.

ज्याने हे पान विकले त्याने ते ‘१९११ च्या सुमाराचे’ म्हणून विकले होते, आणि त्याचा आधार एकच होता: ४० व्या आणि ४२ व्या रस्त्यांच्या दरम्यान, पाचव्या ॲव्हेन्यूला लागून सार्वजनिक ग्रंथालयाची आकृती आहे, आणि ते ग्रंथालय १९११ मध्ये उघडले. पण त्याच पानावर ब्रॉडवे आणि सातव्या ॲव्हेन्यूच्या छेदावर ‘लाँगेकर स्क्वेअर’ असे छापलेले आहे, आणि त्या चौकाचे टाइम्स स्क्वेअर हे नामकरण १९०४ च्या एप्रिलमध्ये झाले. शिवाय ग्रंथालयाची आकृती मूळ पानावर नसून वरून चिकटवलेल्या ठिगळावर आहे. हे ॲटलस वापरणाऱ्या कचेऱ्यांमध्ये नवा ॲटलस विकत घेण्याऐवजी बदललेल्या भागापुरते छापील तुकडे डकवण्याची रीत होती, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. तेव्हा ग्रंथालयावरून ठिगळाचा काळ कळतो, पानाचा नाही. पानाचा काळ ठिगळाखाली दडलेला होता.

ठिगळ उचलावे, असा सल्ला मला एकापेक्षा अधिक जणांनी दिला, आणि तो मी मनापासून नाकारला. खळ गव्हाच्या सत्त्वाची असावी; ओलावा दिल्यावर ती सुटेलही. पण त्याच ओलाव्याने खालचा गुलाबी रंग पसरेल. या काळातला गुलाबी बऱ्याचदा किरमिजाच्या किड्यापासून केलेला असतो. तो पाण्याला कच्चा, उजेडाला त्याहून कच्चा, आणि अल्कधर्मी द्रावणाचा स्पर्श झाला तर जांभळ्याकडे झुकणारा. प्रशियन निळ्यालाही अल्कली सोसत नाही, तो तपकिरी पडतो. म्हणून अशा पानांवर आम्लनाशक फवारे सर्रास मारण्याची जी टूम आहे तिच्यापासून लांब राहावे, हे पुन्हा एकदा सांगून ठेवतो.

उरला मार्ग खालून उजेड देऊन पाहण्याचा. साध्या पांढऱ्या एलईडी पॅनेलवर पान ठेवले की अस्तराची वीण, खळीचे ढग आणि कागदातले डाग यांखेरीज काहीही दिसत नाही, हे मागच्या वेळच्या छायाचित्रांत तुम्ही पाहिलेच आहे. दृश्य प्रकाश कागदाच्या तंतूंमध्ये इतका विखुरतो की दोन थर कागद आणि एक थर कापड यांच्यापुढे तो हात टेकतो. इन्फ्रारेड तुलनेने कमी विखुरतो, आणि छपाईच्या शाईतला काजळीचा कार्बन त्याला व्यवस्थित अडवतो. म्हणजे कागद पारदर्शकतेकडे झुकतो आणि रेषा मात्र काळ्याच राहतात. अडचण अशी की पांढऱ्या एलईडीतून इन्फ्रारेड जवळजवळ निघतच नाही, त्यामुळे कॅमेरा कितीही चांगला असला तरी त्या पॅनेलवर तो आंधळाच. हॅलोजनच्या दिव्यातून इन्फ्रारेड भरपूर निघतो, पण त्याची उष्णता खळ सुकवते आणि पान वाकते, म्हणून तोही बाद.

उत्तर निघाले ते पाळतीच्या कॅमेऱ्यांसाठी मिळणाऱ्या ८५० नॅनोमीटरच्या इन्फ्रारेड दिव्यांतून. हे दिवे स्वस्त आहेत, पानापर्यंत फारशी उष्णता पोहोचू देत नाहीत, आणि दुधी ॲक्रिलिकच्या पत्र्याखाली पुरेसे अंतर सोडून बसवले तर बऱ्यापैकी सारखा उजेड देतात. कॅमेरा जुनाच, फक्त सेन्सरपुढची इन्फ्रारेड अडवणारी काच काढून टाकलेला. या तरंगलांबीवर सेन्सरवरचे लाल, हिरवे, निळे ठिपके जवळपास सारखेच पारदर्शक होतात, त्यामुळे कॅमेरा आपोआप कृष्णधवल होतो आणि तपशीलही अधिक मिळतो. फोकस मात्र डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात जुळवून चालत नाही. तो इन्फ्रारेडमध्येच, पडद्यावर मोठे करून जुळवावा लागतो. रूपांतरित महागड्या कॅमेऱ्यांची जी भलामण सगळीकडे चालते तिची या कामाला काही गरज नाही.

पहिल्या छायाचित्रात रेषा दिसल्या, पण त्यांच्यावर अस्तराच्या विणीची जाळी इतकी ठसठशीत होती की भूखंडाची रेषा कोणती आणि धागा कोणता हे सांगता येईना. याच जाळीने मला सर्वांत जास्त रडवले.

वीण नियमित असते, आणि जे नियमित असते ते फूरिए रूपांतरात, म्हणजे चित्राची पुनरावृत्तींमध्ये फोड करणाऱ्या गणिती कृतीत, ठिपक्यांच्या रूपाने वेगळे पडते. ते ठिपके पुसून चित्र परत उलगडले की वीण नाहीशी होते. चित्रे साफ करणारे लोक कॅनव्हासच्या बाबतीत हे नेहमी करतात आणि इमेजजे या मोफत प्रणालीत त्याची सोय आहे. परंतु मॅनहॅटनचा नकाशा हाही एक नियमित पदार्थ आहे. १८११ च्या आराखड्याने आखलेले रस्ते, आणि त्यांच्यामधले २५ फूट रुंद व १०० फूट खोल असे प्रमाणित भूखंड, यांची पुनरावृत्ती विणीइतकीच हट्टी. अंतरांमध्ये फरक आहे, हे खरे: या प्रमाणात २५ फूट म्हणजे पाव इंच, तर धाग्यांमधले अंतर मिलिमीटरपेक्षाही कमी. म्हणून दोन्हींचे ठिपके एकमेकांपासून लांब पडायला हवेत. ते पडतातही, पण बारीक रेषा रूपांतरात एका ठिपक्यात मावत नाही, ती अक्षावर लांबवर पसरते. आणि अस्तर लावणाऱ्या कारागिराने कापड इतके सरळ लावले आहे की धागे आणि भूखंडांच्या रेषा जवळजवळ समांतर आहेत. परिणामी विणीचे ठिपके नेमके त्याच अक्षावर बसतात ज्यावर भूखंडांच्या रेषांची सगळी माहिती आहे. इंटरनेटवरच्या बहुतेक कृतींमध्ये अक्षालगतचा सगळा पट्टाच पुसायला सांगतात. तसे केले की वीण जाते आणि तिच्याबरोबर शहरही जाते.

तोडगा असा की पट्टा न पुसता प्रत्येक ठिपका सुटा टिपायचा, आणि त्याच्याभोवतीची वर्तुळे शक्य तितकी लहान ठेवून कडा मऊ करायच्या. हे काम कंटाळवाणे आहे. त्यातही हाताने विणल्यासारखे कापड असल्यामुळे धाग्यांची जाडी जागोजागी बदलते, ठिपके सुजतात, आणि संपूर्ण पानावर एकच मुखवटा (कोणते ठिपके पुसायचे त्याचा साचा) चालत नाही. पानाचे एकमेकांवर थोडे चढणारे चौकोन पाडून प्रत्येकासाठी वेगळा मुखवटा केला, तेव्हा कुठे जाळी विरली आणि रेषा राहिल्या.

पुढचा टप्पा तुलनेने सोपा, तरी त्यातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. खालून घेतलेल्या चित्रात ठिगळाच्या आणि पानाच्या रेषा एकत्र येतात. वरून इन्फ्रारेड देऊन घेतलेल्या चित्रात मुख्यतः ठिगळाच्याच येतात. दुसरे पहिल्यातून वजा करावे, असे कोणालाही सुचेल, पण सरळ वजाबाकी केल्यास ठिगळाच्या रेषांची भुते मागे राहतात. प्रकाश एकामागून एक थरांतून जाताना प्रत्येक थर त्याला गुणकाने कमी करतो, म्हणून आधी दोन्ही चित्रांचे लॉगरिदम घ्यावेत आणि मग वजाबाकी करावी. शिवाय वरून दिलेला प्रकाश शाईतून आत जातो आणि परत बाहेर येतो, त्यामुळे त्या चित्रातल्या रेषा जास्त गडद असतात आणि त्यांना योग्य तो गुणक लावून हलके करावे लागते. दोन्ही चित्रे एकाच बैठकीत, कॅमेरा आणि पान यांना हात न लावता, केवळ दिवे बदलून घ्यावीत. हवेतल्या दमटपणाने कागद इतका फुगतो की दुसऱ्या दिवशीचे चित्र पहिल्यावर बसत नाही.

आता जे दिसले ते. ग्रंथालयाची आकृती विरली आणि तिच्या जागी जाड दुहेरी रेषांचा एक मोठा चौकोन आला, आणि त्या चौकोनाला मधोमध दुभागणारी आणखी एक दुहेरी रेषा. शहराला पाणी पुरवणाऱ्या क्रोटन नळयोजनेचा वितरण जलाशय १८४२ मध्ये याच जागी बांधला गेला, त्याच्या भिंती इजिप्शियन घाटाच्या आणि सुमारे ५० फूट उंच होत्या, आणि आतून तो भिंतीने दोन कुंडांत विभागलेला होता. मधली ती रेषा हळूहळू उमटताना पाहण्याचे सुख मी शब्दांत मांडण्याच्या भानगडीत पडत नाही. आणखी गमतीची गोष्ट अशी की दोन्ही कुंडांच्या आत एकसारखी करडी छटा होती, रेषा नसलेली, सपाट. किरमिजी रंग ८५० नॅनोमीटरला पार अदृश्य होतो, आणि ठिगळावरच्या फिकट तांबूस रंगाचे तसेच झाले. प्रशियन निळा मात्र या तरंगलांबीवरही प्रकाश बऱ्यापैकी शोषतो. म्हणजे ती करडी छटा हा पाण्याला दिलेला निळा हात असण्याची शक्यता फार मोठी आहे. एवढी वर्षे उजेडापासून झाकलेला असल्यामुळे तो पानावरच्या इतर सर्व रंगांपेक्षा ताजा असणार, आणि मी तो कधीच पाहणार नाही.

यावरून काळ असा बसतो. जलाशयाचे पाडकाम १८९९ च्या सुमारास सुरू झाले आणि ग्रंथालयाची कोनशिला १९०२ मध्ये बसली, म्हणून मूळ पान त्याच्या आधीचे. दुसऱ्या बाजूने, ब्रॉडवेच्या पूर्व कडेला ४४ व्या आणि ४५ व्या रस्त्यांच्या मध्ये हॅमरस्टाइनचे ऑलिम्पिया नाट्यगृह गुलाबी रंगात आहे, आणि ते मूळ पानावरच छापलेले आहे. तिथे ठिगळ नाही, हे याच चित्रांनी सिद्ध केले. ऑलिम्पिया १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये उघडले. तेव्हा १८९१ ची आवृत्ती बाद, १९११ ची तर अर्थातच बाद, आणि पान १८९० च्या दशकाच्या उत्तरार्धातले ठरते. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने आणि डेव्हिड रम्सी नकाशासंग्रहाने जालावर ठेवलेल्या पानांशी ताडून नेमकी आवृत्ती ठरवणे आता सोपे व्हावे, कारण कोणत्या दालनात शोधायचे ते कळले आहे.

यानंतर क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत पान भूसंदर्भित करून, म्हणजे आजच्या नकाशावर त्याच्या खऱ्या जागी बसवून, हा अध्याय मिटवायचा असे मी ठरवले होते, पण हे लिहिता लिहिता चित्रे पुन्हा उघडली आणि बेत बदलला. ठिगळ किंचित तिरपे डकवलेले आहे. ४२ व्या रस्त्याची त्याच्यावरची कड आणि पानावरची कड एका ओळीत येत नाहीत. दोन्हींना एकच नियंत्रणबिंदू (खऱ्या जागा ठाऊक असलेले बिंदू) लावले तर पातळ पत्र्याचे रूपांतर (थिन प्लेट स्प्लाइन, जे पान पत्र्यासारखे वाकवून बिंदूंवर बसवते) ती चूक आजूबाजूच्या निर्दोष भूखंडांवर ढकलील. त्यापेक्षा पान आणि ठिगळ हे दोन वेगळे थर मानावेत आणि प्रत्येकाला स्वतःचे बिंदू द्यावेत. निर्देशांक-पद्धती ईपीएसजी २२६३ ही न्यूयॉर्क परिसरासाठीची घ्यावी, असे मी पुन्हा सुचवीन. ती फुटांत आहे आणि नकाशाही फुटांत आहे, त्यामुळे २५ फुटांचा भूखंड २५ चाच मोजला जातो आणि चूक लगेच नजरेला येते.

शिवाय ४२ व्या रस्त्याच्या उत्तरेला, सहाव्या ॲव्हेन्यूजवळ, एका ठिगळाच्या कडेला आत समांतर अशी आणखी एक गडद कड दिसते आहे. खालून दिलेल्या प्रकाशात कागदाची जाडी वाढली की चित्र पायरीने काळवंडते, आणि इथे पायऱ्या दोन आहेत. ठिगळावर ठिगळ असेल तर वरच्या पद्धतीने दोन थर वेगळे होणार नाहीत, कारण मधल्या थराचे स्वतंत्र चित्र वरून मिळत नाही. त्यासाठी ९४० नॅनोमीटरचे दिवे मागवले आहेत. त्या तरंगलांबीला सेन्सर बराच कमी संवेदनशील असतो, म्हणून उघडझापीचा वेळ लांबवावा लागेल, पण दोन तरंगलांबींतल्या गडदपणाच्या फरकावरून निदान कोणता गडदपणा रंगाचा आणि कोणता काजळीच्या शाईचा याचा अंदाज यावा. क्यूजीआयएसचे काम तोपर्यंत पानाच्या पश्चिम भागापुरते, जिथे एकही ठिगळ नाही, चालू ठेवीन.