सुमोचा व्हॅक्यूम: पंप झाला, बूस्टर बाकी

वरंध घाट उतरताना ब्रेकचं पॅडल दगडासारखं लागलं. कशीबशी घरी आणली आणि ठरवलं, ब्रेकला जोर देणाऱ्या व्हॅक्यूमचं (हवा ओढून केलेल्या पोकळीचं) काम पुरं झाल्याशिवाय 1997 ची सुमो फाटकाबाहेर काढायची नाही. तीन रविवार गेलेत.

पहिल्या रविवारी फक्त तपासणी. इंजिन बंद ठेवून पॅडल पाच वेळा दाबलं, मग पाय तसाच ठेवून सेल मारला. बूस्टरला, म्हणजे व्हॅक्यूमच्या ओढीने पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला, व्हॅक्यूम मिळत असेल तर पॅडल आपसूक खाली बसतं. माझं रेस दिल्याशिवाय हललं नाही. होजमध्ये टी-जॉइंट टाकून व्हॅक्यूम गेज लावला, आयडलला (रेस न देता) 14 इंच पारा. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंच आहे. इथे हवेचाच दाब 28 इंचांच्या आसपास असतो, म्हणून किनाऱ्यावरच्या गाडीचे आकडे इथे शोधू नका. 24-25 मिळाले तर पंप उत्तम समजा. डिझेलला पेट्रोलसारखा थ्रॉटल, म्हणजे हवा अडवणारी झडप, नाही, त्यामुळे मॅनिफोल्डमधून (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांतून) व्हॅक्यूम मिळत नाही. सगळा भार अल्टरनेटरच्या पाठीवरच्या पंपावर. म्हणजे बेल्ट घसरला की चार्जिंगबरोबर ब्रेकही जातो. बेल्ट ताणल्यावर 16 झाले, पुढे नाही.

दुसऱ्या रविवारी होज काढला आणि खरं दुखणं सापडलं. आत काळं इंजिन ऑइल. बूस्टरच्या तोंडावरचा चेक व्हॉल्व्ह फुंकून पाहिला, तर हवा दोन्हीकडून जात होती. ती फक्त बूस्टरकडून पंपाकडे जायला हवी. व्हॉल्व्ह मेला की इंजिन बंद करताना बूस्टरमधला उरलेला व्हॅक्यूम पंपातलं ऑइल स्वतःकडे ओढतो. असं किती महिने चाललं होतं कोण जाणे; बूस्टर उतरवला तेव्हा अर्धा कप ऑइल निघालं. त्यातल्या डायफ्रामचं (पडद्याचं) रबर इंजिन ऑइलसाठी नसतंच, ते फुगून मऊ पडलं होतं. एवढ्याशा व्हॉल्व्हपायी अख्खा बूस्टर गेला याचं मनापासून वाईट वाटलं. तुमच्या जुन्या डिझेल गाडीचा हा व्हॉल्व्ह आजच फुंकून बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

शिवाय तो होज साधा पाण्याचा होता, आधी कुणीतरी बसवलेला. व्हॅक्यूमने तो आतून चिकटतो. नाना पेठेतून जाड भिंतीचा, आत दोरा असलेला व्हॅक्यूम होज आणला.

तिसरा रविवार पंपाचा. आत फिरून हवा ओढणारी पाती झिजलेली, एकीचा कोपरा उडालेला. आतल्या भिंतीवर नख फिरवलं, ओरखडा लागला नाही, म्हणून पंप वाचला. नवी पाती बसवताना गोल कड बाहेर, भिंतीकडे. शाफ्टचं सील आणि ओ-रिंगही बदलली. सील गळलं तर ऑइल थेट अल्टरनेटरच्या वाइंडिंगवर जातं. ऑइल इंजिनच्या चेंबरकडे परत नेणारा पाइप गाळाने अर्धा बुजला होता, तो साफ केला. पंपात थोडं इंजिन ऑइल सोडून हाताने फिरवला, मगच जोडला.

नवा चेक व्हॉल्व्ह लावून, बूस्टरकडचं तोंड बंद करून गेज लावला: आयडलला 25. इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी 24.

बूस्टर नवाच घेणार, ब्रेकच्या बाबतीत जुगाड नको. बूस्टरचा जोर ब्रेकच्या मास्टर सिलिंडरपर्यंत नेणाऱ्या पुशरॉडची लांबी जुन्याशी जुळवून बसवायची आहे. ती जास्त झाली तर ब्रेक पुरते सुटत नाहीत आणि ड्रम तापतात. व्हर्नियर घेऊन पुढच्या रविवारी बसतो.