हातचा

परवा दुपारी मोबाइलवर ओटीपी आला, ४९१३. शहाणी माणसं असा आकडा वाचतात, टाकतात आणि विसरतात. मी आधी बेरीज केली. चार नि नऊ तेरा, एक चौदा, तीन सतरा. आणि सतराचा घन? ४९१३च! असे नग एकूण सहाच: १, ८, १७, १८, २६, २७. त्यापुढे संख्या झपाझप वाढतात आणि त्यांच्या घनातल्या अंकांची बेरीज मागे रेंगाळते. शिवाय ४९१३ला सतराने, म्हणजे तिच्याच अंकांच्या बेरजेने, भाग जातो, म्हणजे ती गणितात रमणारे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांची ‘हर्षद’ संख्याही झाली. नाव किती नेमकं ठेवलंय मास्तरांनी!

या हर्षात ओटीपीची मुदत संपली.

खोड लहानपणची. सुट्टीत वहीच्या मागच्या पानावर दोनापासून दुप्पट-दुप्पट करत जायचं आणि शेजारी अंकांची बेरीज मांडायची. १६३८४ला बावीस, ३२७६८ला सव्वीस, ६५५३६ला पंचवीस, आणि मग १३१०७२ला एकदम चौदा. संख्या दुप्पट आणि बेरीज जवळपास निम्मी? चुकलंच असणार. खोडून पुन्हा केलं, पुन्हा चौदा. तिसऱ्यांदा खोडताना कागदाला भोक पडलं.

आजोबा चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, “ताळा घे की.”

ताळा म्हणजे अंकांच्या बेरजेवरून उत्तर पडताळणं. पंचविसाचे दोन नि पाच सात, त्याची दुप्पट चौदा. इकडेही चौदाच. ताळा जमला.

“मग बेरीज गेली कुठे?”

“हातच्यानं खाल्ली. दहा जाऊन पुढच्या घरात एक येतो, म्हणजे एक हातचा नऊ खातो.”

मी बोटाने मोजलं. ६५५३६ची दुप्पट करताना हातचे चार. पंचविसाची दुप्पट पन्नास, त्यातून छत्तीस गेले, उरले चौदा.

त्यानंतर कित्येक दिवस मला हातचा हा प्राणीच वाटायचा.

दोनाच्या हजाराव्या घातात ३०२ अंक आहेत, त्यांची बेरीज १३६६. म्हणजे अंकामागे सरासरी साडेचाराच्या आसपास. घात वाढवत नेला की ही बेरीज हवी तेवढी मोठी होते, हे सिद्ध झालंय. सरासरी साडेचाराकडेच जाते, असं सगळ्यांनाच वाटतं, पण ते अजून कुणाला सिद्ध करता आलेलं नाही. चौथीतल्या पोराला मांडता येणारी बेरीज, आणि ही गत.

ओटीपी पुन्हा मागवला. ६०३१. बेरीज दहा. त्यात काहीच नव्हतं. निमूटपणे टाकला.